एक नंबर ईशान्येला

श्री. संघपाल लिंबाजी हनमंते. शिक्षण: यंत्र अभियांत्रिकी पदविका. हुद्दा: प्रमुख, डिझाइन विभाग, ईशान्य दालयंत्र, औद्योगिक वसाहत, लातूर. कायम पत्ता: नांदेड. सदर इसमाच्या ताब्यात संगणक एक, पडदे तीन व माऊस एक इतकी सामग्री असून, तीन पडद्यांपैकी क्रमांक एकचा पडदा सदैव ईशान्य दिशेस राहील याची संपूर्ण जबाबदारी सदर इसमावर आहे. सदर मांडणीत त्यास परस्पर कोणताही बदल करता येणार नाही. सदर मांडणीवर अन्य कोणासही काम करता येत नाही, ही बाब आस्थापनेच्या हिताची समजण्यात यावी.

असा कागद कोणी काढलेला नाही. पण ईशान्य दालयंत्रात वेल्डरपासून हिशेबनीसापर्यंत कोणालाही विचारलं, तर तो थोड्याफार फरकानं हेच सांगेल आणि शेवटी 'लई हुशार माणूस' एवढं पदरचं जोडेल.

ईशान्य दालयंत्रात डाळ होत नाही, डाळ करणारी यंत्रं होतात. चाळण्या, पॉलिशची यंत्रं आणि एलिव्हेटर. एलिव्हेटर म्हणजे पट्ट्याला बांधलेल्या डब्यांतून तूर खालून उचलून वर नेणारा उंच पत्र्याचा खांब. वर त्याला एक तोंड असतं, त्यातून तूर टाकीत पडते. लातूर हे डाळीचं गाव. पण दोन गिरण्यांच्या जागा कधी सारख्या नसतात. एकीची टाकी डावीकडं, दुसरीची उजवीकडं. म्हणून एका एलिव्हेटरचं तोंड डाव्या हाताला, दुसऱ्याचं उजव्या. हे सगळं आधी कॉम्प्युटरवर आखायचं काम संघपालचं. त्यासाठी त्याच्या पुढ्यात तीन पडदे. डावीकडचा जुना, त्यावर आधीचं एखादं ड्रॉइंग उघडं असायचं. मधल्यावर चालू काम. उजवीकडचा रुंद, त्यावर अख्खी गिरणी मावायची. यात चैन काही नाही. एका पडद्यावर गिरणी आखणं म्हणजे दाराच्या फटीतून लग्न बघणं. नवरा दिसला तर नवरी दिसत नाही.

टेबल पूर्वेला तोंड करून होतं. पूर्वेला भिंत होती. दार आणि खिडकी पाठीमागं. समोर तीन पडदे, त्यांच्या वर भिंतीचा हातभर पट्टा आणि त्यावर मालकाच्या नातवाचा, शिवांशचा, जावळ काढतानाचा रडका फोटो. दिवसभर संघपालला बाहेरचं जग म्हणून दिसायचं ते एवढंच.

मालक राजशेखर धोंडप्पा बिरादार. त्यांना सगळे आप्पा म्हणत. आप्पा माणूस वाईट नव्हते. पगार वेळेवर देत, आजारपणात फळं घेऊन येत, आणि शास्त्रींना विचारल्याशिवाय पाण्याचा माठसुद्धा हलवत नसत. शास्त्री म्हणजे देगलूरकडचे व्यंकटीशास्त्री. बोलता बोलता तेलुगू शब्द टाकायचे. त्यामुळं साधी गोष्टही मंत्रासारखी वाटायची.

एका वर्षी कारखान्यातल्या मोटारी जळायला लागल्या. व्होल्टेज कमीजास्त होत होतं हे सगळ्यांना माहीत होतं; पण व्होल्टेजला दिशा नसते, त्यामुळं शास्त्रींना त्याबद्दल काही सांगता येण्यासारखं नव्हतं. ते कारखानाभर हिंडले आणि शेवटी संघपालच्या टेबलापाशी येऊन थांबले.

"हे तीन डबे कशाला?"

आता इथं संघपालनं नुसतं 'कामाला लागतात' म्हणून सोडून द्यायचं. पण त्याला समजावून सांगायची हौस. बाप शिक्षक. त्यानं सेटिंग उघडलं, एक बटण दाबलं, आणि तिन्ही पडद्यांवर टोपलीएवढे आकडे उमटले. डावीकडं तीन, मध्ये दोन, उजवीकडं एक. कोणती वायर कुठं खोचली आहे त्यावरून कॉम्प्युटर आपला आपण नंबर देतो, हे तो सांगायला लागला होता, तेवढ्यात शास्त्रींनी कपाळाला हात लावला.

"अय्यो! आप्पा, ओकटी आग्नेयेत हाय!"

"ओकटी म्हंजे?" आप्पा घाबरले.

"ओकटी म्हंजे एक. पैला नंबर. पूर्वेकडं तोंड केलं की उजव्या अंगाला आग्नेय. पैला नंबर अग्नीत ठिवलाव तुमी, मग मोटारी जळतील न्हाई तर काय फुलतील?"

"संघपाल, ईशान्येला आण त्याला. डावीकडं."

साधा उपाय होता, पडद्यांची अदलाबदल. पण डावीकडं खांब होता, तिथं रुंद पडदा मावत नव्हता. दुसरा उपाय, वायरींची अदलाबदल. पण डावीकडचा जुना पडदा, त्याला जुन्या पद्धतीचं निळं तोंड. त्याची पिन दुसरीकडं कुठं बसत नव्हती. हे सगळं सांगून झाल्यावरही आप्पा आणि शास्त्री दोघं त्याच्याकडं बघत उभेच राहिले. मग संघपालनं जे केलं ते निव्वळ सुटका करून घ्यायला केलं. सेटिंगमध्ये तीन पडद्यांचं एक छोटं चित्र असतं, तीन चौकोन. त्यातला एक नंबरचा चौकोन त्यानं माऊसनं धरून डावीकडं नेऊन ठेवला, तिनाचा उजवीकडं आणला.

"झालं," तो म्हणाला.

शास्त्रींनी चित्र पाहिलं. पडदे पाहिले नाहीत. "आता बरोबर," म्हणाले आणि चहा घेऊन गेले.

पाठ वळली की पूर्ववत करू, असा संघपालचा बेत होता. पण त्याच दिवशी उदगीरच्या एका गिरणीवाल्याचा फोन आला. पूर्ण गिरणीची ऑर्डर. आप्पा धावतच आत आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"संघपाल, त्याला आता हात लावायचा न्हाई. मरेपर्यंत."

कोणाच्या मरेपर्यंत, हे त्यांनी स्पष्ट केलं नाही.

या मांडणीचा परिणाम असा, की कॉम्प्युटरच्या समजुतीत उजवीकडचा पडदा डावीकडं होता आणि डावीकडचा उजवीकडं. संघपाल माऊसच्या पॉइंटरला बाण म्हणायचा. मधल्या पडद्यावरून उजव्या पडद्यावर जायचं, तर आता माऊस डावीकडं ढकलावा लागे. बाण डाव्या कडेला गडप व्हायचा आणि उजव्या पडद्याच्या पार पलीकडच्या टोकाला उगवायचा. लातूरहून नांदेडला जायला औशाच्या गाडीत बसावं आणि गाडीनं नांदेडात पलीकडच्या वेशीतून शिरावं, तसं.

पहिले काही दिवस त्यानं चोरून मांडणी सरळ करून पाहिली. पण आप्पा कधीही येत. येऊन चहा-पाणी विचारायच्या आधी विचारत, "ओकटी जागेवर हाय का?" आणि चित्र उघडून दाखवावं लागे. दर अमावस्येला शास्त्री यायचे, तेही बघायचे. पुढं पुढं उलटसुलट करण्याचाच वैताग आला आणि त्यानं उलटं ते उलटंच ठेवलं.

माणसाचा हात हा फार समजूतदार अवयव आहे. डोक्याला जे पटत नाही ते तो महिन्याभरात शिकतो. वर्ष झालं तोवर संघपालला उलटं काही वाटेनासं झालं. दोन वर्षांनी तर तो वेगात काम करू लागला. मदतीला म्हणून दोघेतिघे आरेखक आले, त्या टेबलाशी बसले, बाण शोधून शोधून घामाघूम झाले आणि निघून गेले. आप्पा पाहुण्यांना कौतुकानं दाखवायचे, "ह्या खुर्चीवर दुसरा माणूस बसूच शकत न्हाई बगा. आमची ड्रॉइंगं कोणी चोरतो म्हणलं तरी चोरता येत न्हाईत." पाहुणे माऊस हलवून बघत, हसत, मान डोलवत. संघपालही हसायचा. खरं सांगायचं तर त्याला त्याचा थोडा अभिमानच होता. कुलूप आतून लागलंय की बाहेरून, हे आत बसलेल्याला लगेच कळतंच असं नाही.

त्याचं घर नांदेडला होतं. बायको पंचशीला तिथल्या एका सरकारी दवाखान्यात परिचारिका. वडील लिंबाजी हनमंते, निवृत्त प्राथमिक शिक्षक, गल्लीभर गुरुजी. आणि मुलगी बुद्धप्रिया, जिला जूनमध्ये पहिलीत जायचं होतं. संघपाल लातूरला शिकवणी-वर्गांच्या गल्लीत एका खोलीत राहायचा. आजूबाजूला सगळी डॉक्टर होऊ घातलेली पोरं. शनिवारी संध्याकाळी तो एसटी धरायचा, चाकूर, अहमदपूर, लोहा करत घरी पोचायचा, आणि रविवारी जेवण अंगाला लागायच्या आत परत निघायचा.

"तीन-तीन टीव्ही म्होरं घेऊन बसता," पंचशीला म्हणायची, "एखाद्यात तरी आमाला बघत जा."

तिची रात्रपाळी असली की पोरगी गुरुजींच्या अंगावर. गुरुजींना आता कमी दिसायचं. एकदा त्यांनी मोरीतला निळा डबा साखरेचा समजून चहात सोडा घातला आणि तो चहा स्वतःच शेवटपर्यंत प्यायले, कारण टाकून देणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यानंतर पंचशीला हसत म्हणाली, पण म्हणाली, "जूनपातुर या. न्हाईतर मी बुद्धप्रियाला माहेरी ठिवते, धर्माबादला. तिथं शाळा हाय, माझी आई हाय. मग तुमी शनवारी इथं येऊन कोणाला बघता ते बघा."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती हिशोबानं बोलत होती.

नांदेडमध्ये चंद्रप्रभा कंधारकर नावाच्या एक अभियंता होत्या. गोदामं, शेड, त्यातली माल वाहणारी यंत्रं यांची ड्रॉइंगं त्यांच्या ऑफिसात होत. त्यांना अनुभवी आरेखक हवा होता. संघपालनं फोन केला. अनुभव ऐकून मॅडम खूश झाल्या. "रविवारी या. एक छोटी चाचणी घेऊ, औपचारिकता म्हणून."

त्या औपचारिकतेसाठी तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला. टेबलावर दोन पडदे. नमुना एकावर, काम दुसऱ्यावर. काम सोपं होतं. गोदामाच्या एका कोपऱ्यातलं चार खांबांचं मचाण. असली मचाणं त्यानं जांभया देत आखली होती.

त्यानं उजव्या पडद्यावर जायला माऊस डावीकडं ढकलला. बाण डाव्या कडेला जाऊन थांबला. पुन्हा ढकलला. बंद शटर ढकलणाऱ्या माणसासारखा बाण तिथंच धडका देत राहिला. संघपालला कळलं, हात उजवीकडं नेला, बाण गेला. एक रेघ ओढली. परत यायला हात आपोआप चुकीकडं गेला. एवढी वर्षं त्यानं दुसऱ्या कोणत्या कॉम्प्युटरला हातच लावला नव्हता. घरी सगळं फोनवर. आता प्रत्येक वेळी आधी थांबायचं, मनात 'उलटं नाही, सरळ' म्हणायचं, मग हलायचं. आपल्याच हाताला प्रत्येक पावलाला पत्ता सांगायचा, असं सुरू होतं. कपाळाचा घाम कळफलकावर पडला.

मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"हनमंते, दोन स्क्रीनची सवय नाही का हो तुम्हाला?"

"तीनची आहे, मॅडम."

"तीनची सवय असलेल्याला दोन जड जातात?" त्या कुत्सितपणे म्हणाल्या नाहीत. खरोखर विचारत होत्या.

यावर खरं उत्तर होतं. पण ते कसं द्यायचं? माझ्या मालकाच्या शास्त्रींनी एक नंबर ईशान्येला ठेवायला सांगितला म्हणून? हनमंते गुरुजींचा मुलगा, जयंतीला व्यासपीठावर अंधश्रद्धेवर बोलणाऱ्याचा मुलगा, असं म्हणतो? तो म्हणाला, "आज जरा बरं वाटत नाही."

मॅडमनी अर्धवट ड्रॉइंग बारकाईनं पाहिलं. "रेघ स्वच्छ आहे तुमची. पण हात अडखळतो. आमच्याकडं काम घाईचं असतं. असं करा, महिन्याभरानं या परत. तोवर मी जागा ठेवते."

घरी त्यानं पंचशीलाला स्वयंपाकघरात सगळं खरं सांगितलं. ती आधी हसली, इतकी, की भाकरी करपली. मग तिचं हसू थांबलं.

"म्हंजे एवढी वर्षं तुमी उलटं काम करून राहिले?"

"हाव."

"आन् आता सरळ येईना."

"हळू बोल. बाबा हायत बाहीर."

बाबा बाहेर बुद्धप्रियाकडून पाढे म्हणून घेत होते, पण कान आत होते. जेवताना त्यांनी विचारलं, "कशात कमी पडलास?"

"माऊसची सवय वेगळी पडली, बाबा."

"सवय!" गुरुजींनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "माझ्या बापानं एका दिवसात तेहतीस कोटी सोडले. तुला एक माऊस सोडवंना?"

पंचशीलानं पदर तोंडाला लावला आणि पाणी आणायच्या निमित्तानं उठून गेली.

लातूरला परतल्यावर संघपालनं ठरवलं, सोडायचा. त्यानं मांडणी सरळ केली. आप्पांच्या गाडीचा आवाज आला की उलटी, गाडी गेली की सरळ. पाठीमागं दार असल्यानं त्याला सगळं कानांनी करावं लागे. आप्पांची गाडी, हिशेबनीसाच्या चपला, वेल्डरचा खोकला हे सगळं त्याला वेगवेगळं ओळखू यायला लागलं. हात मात्र धड इकडचा ना तिकडचा झाला. सकाळी उलटा चाले, दुपारी सरळ, संध्याकाळी कसाही.

त्याच दिवसांत दोन एलिव्हेटर सोबत चालू होते. एक औशाच्या गिरणीचा, तोंड उजव्या हाताला. दुसरा धर्माबादच्या गिरणीचा, तोंड डाव्या हाताला. बाकी दोन्ही जुळे भाऊ. एका पडद्यावर औसा, दुसऱ्यावर धर्माबाद. धर्माबादची शेवटची मापं भरायची होती. बाहेर गाडीचा आवाज आला, त्यानं घाईनं मांडणी फिरवली. गाडी भलत्याचीच निघाली, पुन्हा फिरवली. या गडबडीत बाण कुठून निघाला आणि कुठं पोचला, हे त्यानं पाहिलं नाही. मापं भरली, धर्माबादचं नाव घातलं, कागद काढून कारखान्यात दिला. धर्माबादला औशाचं तोंड गेलं.

यंत्र उभं राहिल्यावर तिथल्या गिरणीवाल्याचा फोन आला. आप्पांनी सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"राजशेखरआप्पा, टाकी डाव्या अंगाला हाय आमची."

"हाव, माहीत हाय की."

"मग तुमचं तोंड उजव्या अंगाला का? उजव्या अंगाला भिंत हाय. आता तूर भिंतीत घालू का? भिंतीची डाळ करून विकू?"

आप्पांनी फोन ठेवला आणि संघपालच्या टेबलाशी आले. आवाज चढवला नाही. फक्त म्हणाले, "ओकटी कुठंय?"

चित्र उघडलं. फोन ऐकण्याच्या नादात ते फिरवायचं राहून गेलं होतं. एकाचा चौकोन उजवीकडं होता.

संघपालला वाटलं, आता नोकरी जाणार. आणि खरं सांगायचं तर, एका क्षणापुरतं त्याला बरं वाटलं. काढलं तर काढलं. सुटलो.

पण आप्पांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. समाधान होतं. ज्या गोष्टीवर आपण इतकी वर्षं विश्वास ठेवला ती डोळ्यांदेखत खरी ठरल्याचं समाधान. ते नुकसानीपेक्षा मोठं असतं.

"आग्नेयेला गेली," ते हळू आवाजात म्हणाले. "आपल्या आपण गेली का तू हलवलास?"

"मी हलवली, आप्पा. चूक झाली."

"चूक न्हाई. परीक्षा हाय ही. शास्त्री म्हणलेच व्हते. हलली की तोंड फिरंल." मग त्यांनी संघपालच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्यावर लई भार टाकलाय मी. एवढी मोठी जबाबदारी आन् हुद्दा साधा आरेखकाचा. हे बरोबर न्हाई."

धर्माबादला वेल्डर जाऊन तोंड कापून फिरवून आला. इकडं दारावर पाटी लागली: 'डिझाइन विभाग. प्रमुख: श्री. एस. एल. हनमंते.' सेटिंगला आप्पांनी पासवर्ड घालून घेतला, तो फक्त त्यांनाच माहीत. आणि जाताना त्यांनी डावीकडच्या पडद्याच्या चौकटीला तीन बोटांनी विभूती लावली. ईशान्येच्या पडद्याला, एक नंबरला.

डावीकडचा पडदा तीन नंबरचा होता.

आता सरावाची सोय उरली नव्हती. महिना भरत आला. पंचशीलानं फोनवर विचारलं, "मंग?"

"बघू."

"बघू म्हंजे? मी धर्माबादच्या शाळेत बोलून ठिवू का न्हाई, एवढंच सांगा."

त्यानं रविवारपर्यंत थांबायला सांगितलं.

रविवारी तो मॅडमच्या ऑफिसात दोन पडद्यांपुढं बसला. हात टेबलावर ठेवला. हात फक्त वाट बघत होता, कोणत्या बाजूला जायचं ते. एसटीत, लोह्याच्या आसपास, संघपालला एक गोष्ट सुचली होती आणि तेव्हापासून त्याला स्वतःचीच लाज वाटत होती. त्यानं मॅडमना विचारलं, "सेटिंग थोडं बदललं तर चालेल?"

"बदला की. तुमच्या सोयीनं घ्या."

त्यानं चित्र उघडलं. एकाचा चौकोन धरला आणि दोनाच्या पलीकडं नेऊन ठेवला. उलटं.

मग हात निघाला. डावीकडं ढकलला, बाण उजवीकडून उगवला. गोदाम, मचाण, पट्टा, उतार. मागं दार आहे की नाही, ते कोणी उघडतंय का, कशाचंही भान राहिलं नाही. मॅडमनी दिलेला वेळ संपायच्या खूप आधी तो खुर्ची मागं सरकवून उभा राहिला.

मॅडम बघतच राहिल्या. "अहो, हे मागच्या वेळचेच हनमंते का?" त्या स्वतः खुर्चीवर बसल्या, कोपरा मोठा करून बघायला माऊस हातात घेतला. बाण गेला. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं.

"कुठं गेला हो?"

"डावीकडं ढकला मॅडम, उजवीकडून येईल."

"हे काय आहे?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्यानं सगळं सांगितलं. मोटारी, आप्पा, शास्त्री, ओकटी, उदगीरची ऑर्डर, धर्माबादचं तोंड. सांगताना मान खाली होती. त्या हसतील अशी त्याची तयारी होती. हसल्या असत्या तर त्यालाही हसता आलं असतं.

मॅडम हसल्या नाहीत. विचार करत होत्या.

"म्हणजे मांडणी केली त्याच दिवशी ऑर्डर आली?"

"हो, पण ते..."

"आणि हलवली तर लगेच नुकसान."

"मॅडम, ते माझ्या चुकीनं झालं."

"हो हो. ते तर झालंच." त्यांनी आपल्या केबिनकडं नजर टाकली. "आमची बिलं अडकून राहिलीत वर्षभर. केबिन माझी आग्नेयेला आहे असं भाऊजी म्हणत होते, मी लक्ष दिलं नाही. शास्त्रींचा नंबर आहे तुमच्याकडं?"

संघपालनं नंबर दिला. त्यांनी फोनमध्ये नोंदवून घेतला, नाव नीट विचारून. मग जरा ओशाळून म्हणाल्या, "तुमचं काम उत्तम आहे, खरंच. पण असं आहे, आमच्याकडं या एका कॉम्प्युटरवर तिघं जण पाळीपाळीनं बसतात. तुमच्या एकट्यासाठी हे उलटं ठेवता यायचं नाही. त्यांना बाणच सापडायचा नाही. आणि सरळ ठेवलं तर तुम्हाला."

"बरोबर आहे," संघपाल म्हणाला. खरंच बरोबर होतं. त्यात कुठं बोट ठेवायला जागा नव्हती.

घरी गुरुजी ओसरीत बसले होते. पावलं ओळखून म्हणाले, "झालं का?"

"न्हाई, बाबा."

"कशात गेलं आता?"

"दिशेत."

"दिशेत?" गुरुजींना ते फार लागलं. "मी स्वतः शिकवल्या तुला दिशा. अंगणात उभं करून, सूर्याकडं तोंड करून. आठच्या आठ पाठ व्हत्या तुझ्या."

"अजून पाठ हायत," संघपाल म्हणाला.

पंचशीला आतून सगळं ऐकत होती. थोड्या वेळानं तिचं फोनवरचं बोलणं ऐकू आलं. धर्माबादला, आईशी. गणवेश कोणत्या रंगाचा असतो ते ती विचारत होती. बुद्धप्रिया बापाच्या मांडीवर येऊन बसली आणि त्याचा उजवा हात हातात घेऊन इकडून तिकडं, तिकडून इकडं हलवत राहिली.

जून आला. संघपाल आता शनिवारी कधी नांदेडला उतरतो, कधी तिथून पुढं धर्माबादला जातो, आणि धर्माबादला गेला की रविवारी पोरीशी बोलणं होतं न होतं तोच परतीची गाडी धरतो. पाटी दारावर आहे. नवी ऑर्डर आली की आप्पा पेढा आधी डाव्या पडद्याला दाखवतात, मग त्याला देतात.

त्या अमावस्येला व्यंकटीशास्त्री लातूरला आले नाहीत. त्यांना एका मॅडमनी नांदेडला बोलावलं होतं. आप्पा एकटेच आले, दारात चपला काढल्या आणि विचारलं, "ओकटी जागेवर हाय का?"

"हाय, आप्पा. ईशान्येला."

संघपालचं घर नांदेडला आहे, आणि नांदेड लातूरच्या ईशान्येला आहे.